दे, पण सही करू नकोस

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. मोबाइलवर एवढं सगळं लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. मामेभावाच्या कर्जाचा फॉर्म तुझ्याकडे येऊन पडलाय, पाच लाखांचा, आणि सोमवारी पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही करायला जायचंय. तुझा पगार चोवीस हजार. मामीने डोळ्यांत पाणी आणलं, मामा म्हणाले, ‘तू नोकरीवाला, तुझ्या सहीला किंमत आहे.’ आणि तू मला विचारतोस, ‘बाई, ख्रिस्ती माणसाने नाही म्हणावं का?’

म्हणावं. सोमवारच्या आत म्हणावं.

बायबलातल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काढ. तुला त्यातली मुंगी आठवेल, कारण संडेस्कूलमध्ये ती मीच तुमच्याकडून घोकून घेतली होती. पण मुंगी येते सहाव्या वचनात. तिच्या आधीची पाच वचनं मी तुम्हाला कधी शिकवली नाहीत. ती मलाच दिसली नव्हती. तिथे बाप मुलाला सांगतो, शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर तू आपल्याच तोंडच्या शब्दांत अडकलास. ऊठ, जा, त्याच्यापुढे नमतं घे, त्याला गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. पारध्याच्या हातून हरिणी निसटते तसा नीघ. आळशाला ‘किती वेळ झोपशील’ हे त्यानंतर विचारलंय. आधी झोप मोडली आहे ती जामीनदाराची. अकराव्या, सतराव्या, विसाव्या, बाविसाव्या अध्यायात पुन्हा तेच. बाविसाव्यात तर सरळ विचारलंय, फेडायला तुझ्याजवळ काही नसेल, तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यायला लावतोस?

माझं अंथरूण नेलं नाही. बाकीचं नेलं.

१९९६ साली मी वॉर्डची सिस्टर होते. हातात पगार यायचा चार हजार आठशे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनात माझ्या शेजारी उभी राहायची ती माझी मैत्रीण. बारा वर्षं एकाच गीतपुस्तकात बघून आम्ही गायलो होतो. तिच्या नवऱ्याला टेम्पो घ्यायचा होता, पंचाहत्तर हजारांचं कर्ज, दोन जामीनदार हवे होते. उपासनेनंतर पायरीवरच तिने विचारलं आणि मी पायरीवरच हो म्हटलं. फॉर्म वाचलासुद्धा नाही. वाचणं म्हणजे मैत्रिणीवर अविश्वास, असं तेव्हा वाटलं. पगारातून कपात करायला माझी हरकत नाही, असा एक कागद त्या गठ्ठ्यात होता. त्यावरही माझी सही होती.

अकरा हप्ते आले. मग टेम्पो उलटला, माल भरून द्यावा लागला, धंदा बसला. दुसरा जामीनदार नोकरी सोडून सुरतेला निघून गेला होता. राहिले मी. महिना चौदाशे रुपये, अठ्ठावन्न महिने. मुलीला फिजिओथेरपीला जायचं होतं, तिने डी.एड. केलं. ती आज चांगली शिक्षिका आहे आणि तिने मला कधी बोल लावला नाही. माझं मलाच बोलायला ते पुरेसं आहे.

पण पैसे गेले म्हणून मी हे लिहीत नाही, नीट ऐक. ती मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला लागली. आधी लाजेने, मग रागाने, कारण मी बघायचेच तशी. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हातात पडली की त्या रविवारी मी तिच्याकडे बघायचे. अठ्ठावन्न महिने मी तिचं कर्ज फेडलं आणि त्यातला एक रुपयाही तिला दिला नाही. कळतंय का तुला? फेडलं, पण दिलं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना, दान खंत करत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला आवडतो. माझे एक्क्याऐंशी हजार पुरते भाग पडून गेले. तेवढ्याच रकमेतले दहा हजार पहिल्या दिवशी तिच्या हातात ठेवून ‘परत नको’ म्हटलं असतं, तर ती माझ्या शेजारी उभी राहून गात राहिली असती. २००९ मध्ये ती गेली. मी दफनविधीला मागे उभी होते. ‘मी ते कधीच सोडून दिलं’ एवढं एक वाक्य तिला सांगायचं राहिलं, आणि खरं सांगायचं तर तोवर मी ते सोडलंही नव्हतं.

म्हणून सांगते, दे. पण सही करू नकोस.

तू लिहिलंयस, ‘जामीन म्हणजे नुसती औपचारिकता, पैसे तर तोच भरणार.’ हे तुला कोणी सांगितलं? कर्ज देणाऱ्याने सांगितलं असेल तर त्याला विचार, औपचारिकताच आहे तर मग माझी पगाराची स्लिप आणि कोरे चेक कशाला? भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला पिळून बघा आणि उरलं तर जामीनदाराकडे या, असं त्यात नाही. त्याने हप्ता थकवला की वसुलीवाला थेट तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊ शकतो. संस्था सिबिलला, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, कळवत असेल तर ते कर्ज तुझ्याही नावापुढे दिसतं. उद्या तुला वन-बीएचके घ्यायचा झाला की बँकेत त्याचा जाब तुला द्यावा लागेल.

आता तुझा मोठा मुद्दा. त्यावर मी रात्रभर विचार केला, कारण तू तो मनापासून लिहिलायस. इब्री लोकांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापापुढे जामीन राहिला. पौलाने फिलेमोनाला स्वतःच्या हाताने लिहून दिलं की तुझ्या दासाचं, अनेसिमाचं, काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. मग मी का नको?

या तिघांकडे नीट बघ. त्यांच्यापैकी एकानेही ‘पैसे तर तोच भरणार’ असं मनात धरून शब्द दिला नव्हता. पौल म्हणतो, मी फेडीन. यहूदा वेळ आली तेव्हा पुढे होऊन म्हणाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा. आणि प्रभूने काय भरलं ते मी तुला सांगायला नको. त्यांनी देऊन टाकलं होतं, शब्द त्यानंतरचा. तुझ्याजवळ पाच लाख आहेत का? आहेत आणि ते गेले तरी चालतील, असं असेल तर सही कशाला, पैसेच दे. आणि नसतील तर तू नसलेलं देतोयस. त्याच करिंथकरांच्या पत्रात लिहिलंय की मनाची तयारी असली की माणसाजवळ असेल त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, नसेल त्यावरून नाही. मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या त्या तिच्या मुठीत होत्या. पुढच्या वर्षीच्या टोल्या तिने कोणाला लिहून दिल्या नव्हत्या.

पवित्र शास्त्र हात आखडायला शिकवत नाही, उलट आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात म्हटलंय, गरीब भावासाठी मूठ मिटू नकोस. सूटीचं, म्हणजे कर्ज सोडून द्यायचं, सातवं वर्ष जवळ आलं म्हणून उसनं द्यायला कचरू नकोस. कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नकोस, त्यावर त्याचं पोट आहे. गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा. गरिबाचं पांघरूण दिवस मावळायच्या आत परत कर. मजुराची मजुरीही त्याच दिवशी. बघ, बंधन घातलंय ते सावकाराच्या पायात. जामीनदार काय करतो? सावकाराला शिरायला आणखी एक घर उघडून देतो.

आणि नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय म्हणतो, तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये, उद्या देतो’ म्हणू नकोस. आज आहे ते आज दे. उद्या तुझा नाही. याकोबानेही तेच लिहिलंय, उद्याचं तुम्हाला काय ठाऊक? सही म्हणजे सगळा उद्याच असतो, बाळा. साठ हप्त्यांचा उद्या. म्हणून म्हणते, दे, पण सही करू नकोस.

दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, एकूण पगारावर की हातात येणाऱ्या पगारावर, हे तू मधेच विचारलंयस. ते पाळकसाहेबांना विचार. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, तेवढं वाचून मग विचार. आणि ‘शंभर पेरा, दहा हजार मिळतील’ म्हणून पाकिटं वाटत फिरणारे जे कोणी तुमच्या तरुण संघात येऊन गेले, त्यांचं माझ्यापुढे काढू नकोस. माझा संताप होतो.

माझी आजी छप्पन्नच्या, म्हणजे संवत १९५६च्या, इ.स. १९००च्या दुष्काळातली. पोरवयात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. रमाबाईंनी दुष्काळातल्या पोरींना नुसतं जेवू घातलं नाही. माग चालवायला, छापखान्यात खिळे जुळवायला, शेतात राबायला शिकवलं. आजी मागावर बसायची. म्हातारपणी आमच्याकडे असताना भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा कोणाकडे जायचा, हे आम्हा पोरांना कधी कळू दिलं नाही. घरात पीठ कमी असलं की मूठ लहान व्हायची, पण डबा रिकामा राहायचा नाही. इफिसकरांस पत्रात चोरी करणाऱ्याला सांगितलंय, आता हातांनी काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. काम कशासाठी, तर द्यायला असावं म्हणून. आजीने ते वचन मला कधी म्हणून दाखवलं नाही.

तुझ्या मामेभावाचं काय करायचं ते आता. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा गेलाय, सावकार दोन्ही पोरांना गुलाम करून न्यायला आलाय. अलीशा सावकाराकडे जाऊन ‘मी जामीन’ म्हणाला नाही. त्याने तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? कुपीभर तेल होतं. मग म्हणाला, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नकोत. शेजाऱ्यांनी दिली ती रिकामी भांडी, कुपीतल्या तेलाने ती सगळी भरली, आणि तेवढ्याने भागलं. तेल विकून आधी देणं फेड, उरेल त्यावर पोरांसह जग, असा क्रमही सांगितला. फेडणं पहिलं, जगणं दुसरं.

तर त्या पोराला विचार, घरात काय आहे? मंडप-डेकोरेशनचा धंदा पाच लाखांनीच का सुरू व्हावा? दोन वर्षं तो दुसऱ्याच्या मांडवावर काम करतोय, त्याला बांबू, कनाती, लायटिंग सगळं ठाऊक आहे. सामान भाड्याने आणून या सीझनला चार लग्नं करू दे. तुझी मोटारसायकल त्याला रविवारी दे. तू हिशेबाला चांगला आहेस, त्याची वही लिही. मंडळीच्या कापणीच्या सणाचा मांडव त्याला मिळावा म्हणून मी पंचकमिटीत बोलते. ही झाली रिकामी भांडी. आणि तुझ्याकडे साठलेल्यातून जेवढे गेले तरी झोप उडणार नाही तेवढे त्याच्या हातात ठेव आणि विसर.

मामी बोलेल. मलाही बोलले. २००४ मध्ये माझा सख्खा धाकटा भाऊ घराच्या कर्जाला जामीन मागायला आला. मी नाही म्हटलं. कपाटातून दोन पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या, म्हटलं, ह्या मोड, परत नको. पाटल्या घेऊन तो गेला आणि गावभर म्हणाला, बहिणीने भीक घातली. माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. आणि हेही सांगते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको : त्याने एकही हप्ता चुकवला नाही. घर सगळं फिटलं. लोक मला म्हणाले, बघ, सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं. तरी मी सही करणार नव्हते, आजही करणार नाही. त्याच्यावर माझा अविश्वास नव्हता. हप्त्याच्या तारखेला मी त्याच्याकडे कशी बघेन, हे मला त्या बाकावरून ठाऊक झालं होतं. त्याला ते कधी पटलं नाही. तुला पटेल असं धरून लिहितेय. सात वर्षांनी तो बोलायला लागला. नाताळला करंज्या पाठवतो. पाटल्यांचा विषय दोघंही काढत नाही.

तू आधीच सही करून बसला असशील आणि मला सांगायला घाबरत असशील, तर तसं सांग. मी ओरडणार नाही. कर्ज मंजूर व्हायच्या आत शाखेत लेखी अर्ज देऊन जामीन काढून घेता येतो का ते उद्याच विचारू. मी बरोबर येते. शनिवारी अर्धा दिवस शाखा उघडी असते.

नाहीतर रविवारी उपासना झाली की त्याला घेऊन घरी ये. जेवायलाच या. मुदत ठेवीचं व्याज परवा जमा झालं, त्यातले आठ हजार मी पाकिटात घालून बायबलच्या कपाटात ठेवलेत. त्याने वही आणली तर ते त्यात लिहू देऊ नकोस.

तुझ्या बाई