नानांची परीक्षा घेणं थांबव

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या वडिलांचा, नानांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय, काय करू, असं विचारलंस. मामा म्हणाले, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच." ते सोडून दे. एखाद्याचं नाव ऐनवेळी न आठवणं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवणं, हे वयाचं. पण उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला शंभराच्या नोटेतून भाजीचे सुटे परत घेता येत नाहीत, हे तू लिहिलंस ना, ते मला जास्त खटकलं. याला वय म्हणून झटकू नकोस.

आधी डॉक्टरांकडे जा. जमलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे, नाहीतर चांगल्या फिजिशियनकडे. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर यांच्या रक्ततपासण्या होऊ देत. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी पिशवीत घालून घेऊन जा. झोपेची, अ‍ॅलर्जीची, सर्दीचीसुद्धा. त्यांतल्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं धुरकट करतात. ऐकू कमी येतंय का ते बघ. आई गेल्यापासून नाना गप्प गप्प असतात म्हणालीस, तेही डॉक्टरांना सांग. उदासीनतेतही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी कमी होतो. मध्ये कधी पडले होते का? डोक्यात हळूहळू रक्त साकळूनही असं होतं. एक पक्कं ध्यानात ठेव : माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, तर तो नेहमीचा विसर नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, काहीही असू शकतं. तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळं बघून झाल्यावर अल्झायमर, म्हणजे आठवण हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार निघाला, तर डॉनेपेझिलसारखी गोळी सुरू करतील. तिच्याने काहींना थोडा काळ बरं वाटतं, आजार मात्र थांबत नाही. थांबवतो म्हणणाऱ्या तेला-चूर्णांवर पैसे घालू नकोस. नातेवाईक पत्ते आणून देतील, घे आणि ठेवून दे.

आता तुझ्याबद्दल. "नाना, सकाळी काय खाल्लं सांगा बघू? ही कोण आली ओळखा?" हे बंद कर. आल्यागेल्यालाही करू देऊ नकोस. या आजारात मेंदूचा नवी आठवण साठवणारा भागच आधी झिजतो. सकाळचे पोहे तिथे नोंदलेच गेले नाहीत, तर ते ताण देऊन कुठून काढणार? हाती लागते ती फक्त लाज. जुनं मात्र बराच काळ टिकतं. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना पाचवडनंतर काय येतं, हे त्यांना विचारावं लागणार नाही, तू नुसतं "पाचवड" म्हण. आमच्या सासूबाईंना माझं नाव आठवत नव्हतं, पण आरती सुरू झाली की त्या एक शब्द चुकत नसत, आणि हातात कणीक दिली की पोळीचा गोळा मापाचाच व्हायचा. कामं अशी दे. लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, सुटी नाणी वेगळी करणं.

संध्याकाळी ते पँट चढवून "डेपोत जायचंय, ड्युटी लागलीय" म्हणतात, त्यावर तू "तुम्ही कधीच रिटायर झालात" असं सांगतेस. म्हणून तर भांडण होतं. दिवस मावळताना ही तगमग पुष्कळांना होते. "आज तुमचा वीकली ऑफ आहे, चहा घ्या" म्हण आणि त्या काळातल्या एखाद्या ड्रायव्हरचा विषय काढ. खोटं बोलतेय असं वाटेल. वाटू दे. दिवे लवकर लाव, दुपारची झोप आखूड ठेव. आणि स्टँडवरच्या चौकशी खिडकीत जाऊन एकदा सांगून ठेव, कारण नाना घरातून निघाले तर तिकडेच जाणार. कोपऱ्यावरचा किराणावाला आणि रिक्षावाले, यांनाही. शर्टाच्या खिशात तुझा नंबर असलेली चिठ्ठी असू दे. न्हाणीघराची आतली कडी आजच काढून टाक.

पैसे चोरल्याचा आळ घरच्या कामवालीवर येईल, उद्या तुझ्यावरही. सासूबाईंच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडायच्या, दर वेळी तिथेच. वाद घालू नकोस, "चला, दोघं मिळून शोधू" म्हणायचं. कामवालीला मात्र आधीच विश्वासात घेऊन सांग, नाहीतर ती एके दिवशी काम सोडून जाईल आणि तिचं काही चुकलेलं नसेल.

कागदांचं मी बँकवाली म्हणून सांगते, आणि इथे खरंच घाई कर. सही बिघडायला लागते. आधी वेलांटी गळते, मग आडनाव अर्ध्यात थांबतं, आणि काउंटरवर चेक परत येतो. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून ठेवू म्हणशील, पण देणाऱ्याची समजच गेली की कायद्याने ते संपतं. हे लोकांना माहीत नसतं. मग कोर्टातून पालक नेमून घेण्याची पायपीट. त्यामुळे मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता, नाना स्वतः समजून बोलू शकतात तोवर, दोन साक्षीदार आणि समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन. आणि ते त्यांच्या मनासारखं असू दे, तुझ्या किंवा दादाच्या नव्हे. पेन्शनच्या खात्याचे आणि बाकी ठेवींचे नॉमिनी तपास, खात्याचे मेसेज तुझ्या मोबाइलवर येऊ देत. हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, त्यांना रांगेत उभं करू नकोस.

दादा पुण्याहून फोनवर सल्ले देतो म्हणून चिडतेस. चीड, पण त्याला कामही दे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्याने साताऱ्यात येऊन नानांजवळ राहायचं आणि तू त्या दिवशी घरात थांबायचं नाही. नोकरी सोडण्याचा विचार मात्र इतक्यात करू नकोस. हे दुखणं वर्षानुवर्षं चालतं, पगार लागेल.

उद्या ब्रँचमध्ये गेलीस की नानांचं चेकबुक आणि सहीचा नमुना काढून बघ, नवी सही जुळते का ते. जुळत नसेल तर मला संध्याकाळी सहानंतर फोन कर, नवा नमुना कसा द्यायचा ते सांगते.

तुझी,
मॅडम