मंदसोरची संधी की मंदसोरचा तह?

इंदूरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीने मराठी वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेल्या भाषणात ‘महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरची संधी झाली आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली’ असे वाक्य होते. परीक्षकांनी त्यातील ‘संधी’ खोडून ‘तह’ लिहिले, ते बरोबर आहे का? मुलीचे म्हणणे असे की, तिच्या पाठ्यपुस्तकात ‘मंदसौर की संधि’ असेच छापलेले आहे आणि शब्द तर शुद्ध संस्कृत आहे. त्याच पत्रात त्यांनी करार, शस्त्रसंधी आणि युद्धबंदी हे शब्दही तहाच्याच अर्थाने चालतील का, असे विचारले आहे.

परीक्षकांची दुरुस्ती योग्य आहे, पण मुलीचे म्हणणेही निराधार नाही. राजनीतीच्या परिभाषेत ‘संधि’ हा शब्द फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या सहा धोरणांत संधि पहिला आणि विग्रह दुसरा. तेथे संधीची व्याख्या ‘पणबन्धः सन्धिः’ अशी केवळ दोन शब्दांत केली आहे. यातला ‘पण’ म्हणजे ठरवलेली अट. अटींनी बांधून घेणे म्हणजे संधि. समुद्रगुप्ताची प्रयाग येथील प्रशस्ती रचणारा हरिषेण हा सांधिविग्रहिक होता, म्हणजे तह करणे आणि युद्ध पुकारणे या दोन्हींची कामे पाहणारा अधिकारी. हिंदीने हा अर्थ आजवर राखला. मराठीत मात्र हा शब्द मूळच्या ‘सांधा’ या अर्थावरून दुसऱ्या वाटेला लागला. दोन गोष्टी जिथे जुळतात तिथे फट असते, फटीतून शिरता येते आणि ज्याला शिरता आले त्याने संधी साधली! त्यामुळे आज मराठीत एकटा उभा असलेला ‘संधी’ हा शब्द नोकरीच्या जाहिरातीतला वाटतो. व्याकरणातील स्वरसंधी, संधिवात, संधिप्रकाश अशा ठिकाणी जुना अर्थ शाबूत आहे, पण ते बहुतेक सामासिक किंवा पारिभाषिक शब्द आहेत. ‘मंदसोरची संधी’ हे शब्द पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकाच्या कानावर पडले, तर मंदसोरला कोणाला कसली संधी मिळाली, असाच प्रश्न त्याच्या मनात येणार.

‘तह’ या शब्दाची इंदुरात उलट बाजूने पंचाईत होते. शीतलामाता बाजारात साडी घेऊन झाली की दुकानदार ‘तह लगा दूँ?’ असे विचारतो आणि उघडलेल्या साडीची चौकोनी घडी करून पिशवीत घालतो. हिंदीतला तह म्हणजे घडी, थर, तळ. तो स्त्रीलिंगीही आहे. मराठीतला तह पुल्लिंगी असून तो राजांमध्ये, राज्यांमध्ये होतो. दोन्ही शब्द दिवसभर तोंडात असलेल्या घरात मुलीने ‘तह’ टाळून ‘संधी’ पत्करली असेल, तर त्यात नवल नाही. जुन्या मराठी कागदांत याच अर्थाने सला आणि सलूख हेही शब्द भेटतात. आता त्यांपैकी एकही व्यवहारात उरलेला नाही.

तरीही मी ‘तह’चा आग्रह धरतो, याचे कारण त्या शब्दाभोवती जमलेला शब्दसंसार. तहाची बोलणी होतात, तहाची कलमे असतात, तह जुळतो, फिसकटतो, मोडतो. तहान्वये किल्ले, मुलूख, खंडणी यांची देवघेव होते. लढाई थांबली एवढेच या शब्दाने कळत नाही, ती कोणत्या किमतीला थांबली हेही त्यातून ध्वनित होते. पुरंदरचा तह म्हटले की १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांशी झालेल्या बोलण्यांइतकेच मोगलांना द्यावे लागलेले २३ किल्ले मराठी माणसाला आठवतात.

मंदसोरचेच पाहा. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली आणि अवघ्या सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरला तह झाला. गादीवर दुसरे मल्हारराव होते, पण ते अजून लहान होते. होळकरांच्या बाजूने बोलणी तात्या जोगांनी केली, समोर जॉन माल्कम होता. या तहाने होळकरांनी राजपूत राज्यांवरचे आपले हक्क सोडले, सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना दिला, त्यांचा पठाण सरदार अमीरखान याचे टोंक स्वतंत्र झाल्याचे मान्य केले, आणि गफूरखानाच्या ताब्यातील जावऱ्याला इंग्रजांचे संरक्षण मिळाले. रतलामहून मंदसोरकडे जाताना लागणारे जावरा हे नवाबी संस्थान म्हणून पुढे टिकले ते याच तहाच्या बळावर. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारात राहणारा प्रतिनिधी, होळकरांकडे आला तोही याच तहाने, आणि इंदूरकर अजून रिक्षावाल्याला ‘रेसिडेन्सी’ म्हणून जो भाग सांगतात त्याचे मूळही तेथेच आहे. एवढे सगळे ज्या कागदाने घडले त्याला ‘संधी’ म्हणणे मराठीत जवळजवळ थट्टा ठरते.

‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे वाक्य मराठी अग्रलेखांत इतके वापरले गेले आहे की ते आता झिजले आहे, आणि इतिहासाला ते सगळीकडे लागूही पडत नाही. मंदसोरला दोन्हीकडे हार होती. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठे इंग्रजांविरुद्ध युद्धातही जिंकले आणि तहातही. अडचण पुढे आली, कारण तो तह इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने मानलाच नाही. त्यानंतरचा तह १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला, आणि पुण्याहून नाना फडणविसांची मान्यता यायला काही महिने गेले. म्हणजे तह ‘होणे’ आणि तह ‘मान्य होणे’ या वेगळ्या क्रिया आहेत. ‘तह झाला’ असे लिहिताना नुसती कलमे ठरली की दोन्ही दरबारांनी ती स्वीकारली, हे वाक्यातून कळेल असे लिहावे.

आता उरलेले शब्द. शस्त्रसंधीत ‘संधि’चा जुना अर्थ अजून जिवंत आहे, पण हा तह नव्हे, शस्त्रे खाली ठेवण्यापुरता तो ठराव असतो. पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ची, तर व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा; मधल्या सात महिन्यांत तोफा बंद होत्या, पण जर्मनीची नाकेबंदी चालूच होती. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि तिच्यापुढे तह आजवर झालेला नाही. मराठी वर्तमानपत्रे शस्त्रसंधी आणि युद्धबंदी हे शब्द अदलाबदलीने वापरतात; त्याला माझी फारशी हरकत नाही.

मध्य प्रदेशातील मराठी माणसाने मात्र ‘युद्धबंदी’पाशी थांबून विचार करावा. मराठीत युद्धबंदी म्हणजे युद्ध थांबणे. ‘बंदी’ म्हणजे मनाई. हिंदीत युद्धबंदी म्हणजे युद्धात पकडलेला कैदी, आणि लढाई थांबण्याला तेथे युद्धविराम म्हणतात. १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमधील लढाई थांबल्यानंतर जी रेषा ठरली तिला मराठीत कित्येक वर्षे ‘युद्धबंदी रेषा’ म्हणत असत; हिंदी वाचकाला ती कैद्यांची रांग वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला शरण आलेले सुमारे ९३,००० लोक हिंदीत युद्धबंदी, मराठीत युद्धकैदी.

स्वातंत्र्यानंतर आपण ‘तह’ हा शब्द आपल्या स्वतःच्या युद्धांसाठी जवळजवळ वापरलेला नाही. १० जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार, २ जुलै १९७२ चा सिमला करार. करार घरभाड्याचाही असतो आणि सिमेंट पुरवण्याचाही; त्या शब्दात जेता आणि जित दिसत नाहीत, आणि तो निवडला जाण्याचे कारण मला तरी हेच वाटते. जुन्या घटनांसाठी म्हणून ‘मंदसोरचा करार’ लिहू नये. त्याने महिदपूरचा पराभव पुसला जातो.

भाषणातील वाक्य असे असावे: ‘महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी होळकरांची राजधानी भानपुऱ्याहून इंदूरला आली.’ ‘भानपुऱ्याहून’ हा शब्द मी घातला आहे. परीक्षकांनी राजधानी आधी कुठे होती असे विचारले, तर मुलीला अडखळावे लागू नये.