बोर्ड शाबूत आहे, कार्ड नीट लिहा

प्रश्न : माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल डाउनलोड करून मायक्रोएसडी कार्डावर कॉपी केली. बोर्ड सुरू केला की लाल दिवा लागतो, स्क्रीनवर इंग्रजीत काही ओळी आणि बोर्डाचा नंबर येतो, मग पुन्हा पुन्हा तेच. दोनदा कार्ड बदलून पाहिलं. ओळखीचे एक जण म्हणाले, बोर्ड गेला. परत करू का?

उत्तर : मुळीच करू नका. स्क्रीनवर त्या ओळी कोण लिहितंय, याचा विचार करा. कार्डावर सिस्टीम नाही, तरी अक्षरं उमटताहेत. म्हणजे ती बोर्डच लिहितोय. पाय ४ वर एक छोटी चिप असते, सुरुवातीचा प्रोग्राम तिच्यातच असतो. तो जागा झाला, त्यानं कार्ड तपासलं, 'स्टार्ट४.ईएलएफ' नावाची फाइल शोधली, ती मिळाली नाही म्हणून तो पुन्हा शोधतोय. मेलेला बोर्ड इतकं काही करत नाही.

चूक कॉपी करण्यात आहे. तुम्ही उतरवलेली फाइल ही अख्ख्या कार्डाची आवळून बांधलेली प्रतिमा आहे. वाळूचं पोतं अंगणात आणून ठेवलं म्हणून भिंत उभी राहत नाही. तशी ती फाइल कार्डावर नुसती पडून आहे. ती उलगडून कार्डाच्या पहिल्या कणापासून लिहावी लागते. तसं लिहिल्यावर कार्डाचे दोन भाग होतात : एक लहान, फॅट३२ नावाच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा, ज्यात बोर्डाला हवी ती फाइल असते, दुसरा मोठा, लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा, ज्यात बाकी सगळी सिस्टीम राहते.

हे काम 'रास्पबेरी पाय इमेजर' हा मोफत प्रोग्राम करतो. बोर्ड कोणता, सिस्टीम कोणती, कुठल्या कार्डावर लिहायची, हे तो विचारतो. सिस्टीम त्याच्याच यादीतून घ्या. कार्ड निवडताना मात्र घाई नको : बाहेरची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर आधी काढून ठेवा, कारण ज्यावर बोट ठेवाल ते कोरं होणार. लिहून झाल्यावर तो कार्ड पुन्हा वाचून पडताळतो. 'आता पुरे' म्हणून ती पडताळणी अर्ध्यात थांबवू नका. बनावट किंवा झिजलेलं कार्ड अनेकदा तिथेच पकडलं जातं.

लिहायला सुरुवात होण्याआधी इमेजर वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरायची सोय) यांची माहिती मागतो. ती भराच. जुन्या लेखांत 'नाव पाय, पासवर्ड रास्पबेरी' असं सापडेल; एप्रिल २०२२ पासून हे ठरावीक खातं काढून टाकलं आहे. फार चांगलं केलं. जगाला ठाऊक असलेला पासवर्ड इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ठेवणं म्हणजे कुणालाही आत बोलावणं. वायफायसोबत देशही निवडा, कारण कुठल्या चॅनेलवर बोलायचं हे त्यावरून ठरतं.

पुढे एक प्रसंग हमखास येतो, म्हणून आत्ताच सांगते. लिहिलेलं कार्ड पुन्हा विंडोजला लावलंत की 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा निरोप येतो. कार्ड बिघडलेलं नसतं. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, इतकंच. 'कॅन्सल' दाबा. कितीतरी जण इथे 'हो' म्हणतात आणि तयार झालेली सिस्टीम पुसून पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

मॉनिटरची केबल यूएसबी-सी पॉवरच्या शेजारच्या एचडीएमआयला लावा. पहिल्यांदा सुरू होताना सिस्टीम कार्डाची उरलेली जागा ताब्यात घेते आणि मध्येच आपोआप रीस्टार्टही होते. तेवढा वेळ वायरला हात लावू नका.

प्रश्न : सिस्टीम चालते, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात अधूनमधून विजेचं चिन्ह चमकतं. मोबाइलचा चार्जर लावला आहे. दुर्लक्ष केलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. चार्जरवर मोठे आकडे असले तरी बारीक, लांब केबलमध्ये व्होल्टेज गळतं, आणि प्रोसेसरवर ताण आला की नेमकं तेव्हाच कमी पडतं. मग वेग घटतो, यूएसबीची उपकरणं मध्येच तुटतात, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना बोर्ड बंद पडला तर फाइली खराब होतात. लोक सिस्टीम पुन्हा पुन्हा टाकत बसतात. दोष वायरमध्ये असतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'डीमेसेज' (dmesg) चालवून 'अंडरव्होल्टेज' शब्द सापडतो का पाहा. सापडला तर बोर्डासाठी बनवलेला पॉवर सप्लायच घ्या. आणि बंद करताना थेट वायर उपटू नका : आधी शटडाउन, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वीज बंद.

प्रश्न : रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या बोर्डावर ६४ बिटची सिस्टीम टाकू की ३२?

उत्तर : दोन्ही चालतात, पण रॅम ५१२ एमबीच आहे आणि ६४ बिटचे प्रोग्राम ती जास्त खातात. एखाद्या सॉफ्टवेअरला ६४च लागत नसेल तर ३२ बिटची 'लाइट' आवृत्ती घ्या, डेस्कटॉपशिवायची. शिवाय या बोर्डाला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडता येतं. राउटरची दोन नावं दिसत असतील तर इमेजरमध्ये ५ गिगाहर्ट्झचं नाव देऊ नका. बोर्डाला ते दिसणारच नाही.