जपानी ड्रोन मेटलमधलं तासभराचं एकच गाणं लोक का ऐकतात?

ड्रोन मेटल म्हणजे जड गिटारचा एकच सूर ताणत राहणारा रॉकचा प्रकार. तुम्ही विचारलंय की 'बोरिस'सारख्या जपानी बँडचं तासभर चालणारं एकच गाणं ऐकणाऱ्यांना खरंच काही मिळतं, की सगळा आवच असतो. थोडा आव असतो, नाही म्हणत नाही. 'अख्खं ऐकलं बरं का' असं चारचौघांत सांगायची मजा मीही घेतली आहे. पण आवापोटी माणूस एकदा ऐकेल, वर्षानुवर्षं नाही.

माझी सुरुवात बोरिसच्या 2003 च्या 'फीडबॅकर' या अल्बमने झाली. साधारण 43 मिनिटं, पाच भाग. सुरुवातीला बराच वेळ ड्रम्स नाहीत, शब्द नाहीत, गिटार नुसती घोंघावत असते. मी ते स्पीकरवर लावलं आणि आई चपला घालून जिना उतरून गेली. तिला वाटलं सोसायटीच्या पाण्याची मोटर कुणीतरी बंद करायला विसरलंय, टाकी वाहत असणार. तिचं काही चुकलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं मलाही ती मोटरच वाटली होती.

गंमत त्यानंतर आहे. आपल्या कानाला सवय असते ती पुढे काय येणार याची: मुखडा झाला, आता अंतरा. इथे तसं काही येतच नाही, आणि सात-आठ मिनिटांनी कान वाट पाहणं सोडून देतो. मग त्याला आवाजाच्या पोटातलं ऐकू यायला लागतं. तारा नेहमीपेक्षा खूप खाली उतरवलेल्या असतात आणि अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) इतका चढवलेला असतो की स्पीकरमधून निघालेला आवाजच तारेला परत हलवतो. म्हणून एकदा छेडलेला सूर मरत नाही. वादक अँपपासून पाऊलभर सरकला तरी तो सूर निसटून वरच्या एखाद्या स्वयंभू स्वरावर जाऊन बसू शकतो. म्हणजे बाहेरून जो माणूस नुसता उभा दिसतो, तो खरं तर सूर धरून ठेवायला सारखी धडपड करत असतो. त्यात दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या, समजा एक 65 हर्ट्झवर आणि दुसरी 66 वर, की सेकंदाला एक या गतीने आवाज फुगतो आणि ओसरतो. ताल कुणी धरलेला नसतो, तो असा आपोआप उगवतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना ती लाट मंदावत मंदावत थांबलेली ज्याने ऐकली आहे, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

तंबोरा मी उगाच ओढून आणलेला नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेला गेले आणि ला माँट यंग हा संगीतकार त्यांचा शिष्य झाला. यंग त्याआधीपासून लांबच लांब सुरांच्या रचना करत होताच. त्या यंगला मानणारा डिलन कार्लसन हा सिएटलच्या 'अर्थ' या बँडचा गिटारवादक. 1993 मध्ये आलेल्या त्यांच्या अल्बममध्ये फक्त तीन तुकडे आहेत आणि ते मिळून सव्वा तासाच्या आसपास चालतात. ड्रोन मेटलचा उगम सहसा तिथूनच सांगतात. बोरिसने तर आपलं नावच 'मेल्व्हिन्स' या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून घेतलं. त्यामुळे 'जपानी म्हणजे झेन, झेन म्हणजे शांतता' हे स्पष्टीकरण कुणी दिलं की मला जांभई येते.

मग जपानी मंडळींनी स्वतःचं काय घातलं? माझ्या मते, रचनेचा धीर. बोरिसचा 'फ्लड' (2000) सत्तर मिनिटांचा, चार भागांचा आहे. सुरुवातीला गिटारची एकच छोटी ओळ फिरत राहते, तिचे दोन पदर हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या फटींतून तिसरीच चाल ऐकू येते, जी कुणी वाजवलेलीच नाही. खरा लोंढा येतो तो तिसऱ्या भागात, म्हणजे जवळपास अर्ध्या तासानंतर. मी एकदा थेट तिथूनच लावून पाहिलं. चांगला दणदणीत रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, बस. पण आधीच्या अर्ध्या तासासकट ऐकला की खुर्चीत बसल्या जागी अंगावर येतो. लांबी हवी ती यासाठी.

ओसाकाचा 'करप्टेड' हा बँड याहून कडवा. मुलाखती नाहीत, फोटो नाहीत, आणि जपानी असून गाणी बहुतेक स्पॅनिशमध्ये! त्यांचं 'एल मुंदो फ्रिओ' (2005) हे सत्तर मिनिटांहून मोठं एकच गाणं आहे आणि त्यात चक्क हार्प आहे. गायकाचं ते गुरगुरणं मला शब्दशः कळत नाही, कळावंसंही वाटत नाही.

सगळंच थोर नसतं. या प्रकारात आळशीपणा सहज खपतो आणि काही अल्बम मी अर्ध्यावर बंद केलेत. बोरिसच्याच 'ड्रोनेव्हिल'च्या दोन सीडी एकाच वेळी दोन यंत्रांवर लावून ऐकायच्या असतात. मी लॅपटॉप आणि फोन घेऊन बसलो आणि निम्मा वेळ दोन्हींचे आवाज सारखे करण्यातच गेला.

तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकून कंटाळला असाल तर मात्र दोष तुमचा नाही. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, उरते ती वरची खरखर. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर घ्या, आवाज कान दुखेल इतका नको, आणि 'फीडबॅकर'पासून सुरुवात करा. वीस मिनिटं द्या. तोवर काहीच झालं नाही तर खुशाल बंद करा. आणि घरात आई असेल तर आधी सांगून ठेवा.