वाचकांचे प्रश्न: बर्फ मऊ पडल्यावर भार कमी होतो का?

प्रश्न: समुद्राचा बर्फ जानेवारीच्या कडाक्यात सर्वांत कणखर असतो आणि वसंतात मऊ पडतो. मग आर्क्टिकमधल्या तेलमंचाचे डिझाइन जानेवारीच्या ताकदीवर केले तर पुरेसे नाही का?

उत्तर: नाही. ताकद उतरत असतानाही जाडी एप्रिल-मेपर्यंत वाढत राहते, आणि उतरत्या भिंतीवर चढून वाकून मोडणाऱ्या बर्फाचा भार ढोबळमानाने ताकद गुणिले जाडीचा वर्ग या हिशेबाने वाढतो.

ताकद ठरते बर्फात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर. बर्फ उबदार झाला की त्या पाण्याचे कप्पे रुंदावतात आणि भार पेलणारा घट्ट बर्फ कमी उरतो. क्षारता दर हजारी ५ धरून टिम्को-ओब्रायन या संशोधकांच्या १९९४च्या सूत्राने काढले, तर सरासरी तापमान उणे १० अंश असताना वाकण्याची ताकद सुमारे ०.६७ मेगापास्कल येते, उणे ५ला ०.४६ आणि उणे २ला ०.२२.

आता उदाहरणादाखल जानेवारीत उणे १० अंश व १ मीटर जाडी आणि हंगामाअखेर १.७ मीटर जाडी घ्या. उणे ५ अंशांचा बर्फ जानेवारीच्या दुप्पट भार देतो. उणे २ला आलेला, पिचलेला वाटणारा थरही जवळजवळ जानेवारीइतकाच! म्हणून प्रत्येक महिन्याची जाडी-तापमानाची जोडी वेगळी तपासावी. वर्षाची कमाल ताकद आणि कमाल जाडी एकत्र गुणणे मात्र उगाच खर्चिक ठरते.

बहुवर्षीय, म्हणजे उन्हाळ्यांतही न वितळता टिकलेल्या बर्फाला हा हिशेब लावू नका. उन्हाळ्यांत त्यातले क्षार झिरपून गेलेले असतात, त्यामुळे तो उबेतही बराच टणक राहतो. १२ एप्रिल १९८६ रोजी बोफोर्ट समुद्रात अशाच बर्फाचा तुकडा मोलिकपाक मंचावर चुरडत गेला. मंचाचा पोलादी केसॉन (समुद्रतळावर टेकवलेली पेटी) जोरात थरथरला आणि आत भरलेल्या वाळूतला पाण्याचा दाब वाढला. मोलिकपाकसारख्या उभ्या भिंतीवर बर्फ वाकत नाही, चुरडतो. तेव्हा भाराबरोबर कंपनेही तपासावीच लागतात.

मोजणीतली नेहमीची चूक म्हणजे वरच्या थराचेच तापमान घेणे. तळाचा बर्फ कायम उणे १.८ अंशांच्या आसपास असतो. बर्फात छिद्र पाडून काढलेला दंडगोल, म्हणजे गाभा, बाहेर काढताच दर १० सेंटिमीटरला भोक पाडून तापमान नोंदवा, मग लगेच तुकडे करून झाकणाच्या डब्यांत ठेवा. उशीर झाला की खारे पाणी गळून जाते, क्षारता कमी दिसते आणि ताकद खऱ्यापेक्षा जास्त निघते.