हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावरून वय, लिंग, आजार खरंच कळतात, की सगळं अंदाजपंचे?

कळतात, पण तिन्ही गोष्टी एकाच सांगाड्यात क्वचितच कळतात. पुरातत्त्व शिकताना मी सांगाडे साफ करायला बसायचे, तेवढ्या अनुभवावर सांगते.

वय सगळ्यात नेमकं निघतं ते तान्ह्या बाळाचं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक लहान मुलांना घरातल्याच जमिनीखाली पुरायचे, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून. अशा मडक्यात हाडं आणि माती एकजीव झालेली असतात. बांबूच्या काडीने माती हळूहळू सुटी करायची आणि फेकायची नाही, चाळायची. हिरडीबाहेर न आलेल्या दातांचे मुकुट, म्हणजे दाताचा वरचा भाग, तिच्यात सापडतात, काही तर ज्वारीच्या दाण्याएवढे. कुठला मुकुट किती तयार झालाय त्यावरून बाळ काही आठवड्यांचं होतं की वर्षाचं, हे ठरतं. मात्र ते मुलगा की मुलगी, हे नुसत्या हाडांवरून सांगता येत नाही.

मोठ्यांचं नेमकं उलटं. कमरेचं हाड धड असेल तर बाई की पुरुष हे बहुतेक वेळा खात्रीने कळतं, वय मात्र ‘पस्तीस ते पन्नास’ असं मोघमच.

आजाराचं म्हणाल, तर पटकीने दोन दिवसांत माणूस गेला तर हाडावर काहीच उमटत नाही. रेंगाळणारे आजारच खुणा सोडतात. उदयपूरजवळच्या बालाथलला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या, २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. लहानपणीची उपासमार किंवा मोठं दुखणंही दाताच्या इनॅमलवर आडवी रेघ ठेवून जातं.

हेतू मात्र हाड सांगत नाही. इनामगावच्या बहुतेक प्रौढांच्या सांगाड्यांना घोट्याखाली पावलं नाहीत. मेलेल्याने भूत होऊन परत येऊ नये म्हणून ती तोडली, असं स्पष्टीकरण देतात. मला ते पटण्यासारखं वाटतं, पण तो तर्कच.

डीएनए आहे की, असं कुणी म्हणेल. आपल्या उष्ण हवेत तो फारसा टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाच्या २०१९ च्या अभ्यासात ६१ नमुने तपासले, उपयोगी डीएनए मिळाला फक्त एका बाईचा.