वाचक विचारतात : विकत घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं?

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर दोन ओळी लिहिल्या होत्या, की पैसे भरले तरी आपण मालक होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : माझं इचलकरंजीला छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं असली कामं करतो. पूर्वी सॉफ्टवेअरची सीडी एकदा घेतली की झालं, आता दर महिन्याला पैसे. ऐन लग्नसराईत कार्डावरून पैसे कटले नाहीत आणि सॉफ्टवेअर उघडेना, तीन गिऱ्हाइकांच्या पत्रिका आत अडकल्या. डिझाईन माझं, फाईल माझी, मग मला अडवणारे हे कोण? शेजारचा म्हणतो क्रॅक टाक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. टाकू का?

उत्तर : दादा, आधी क्रॅकचं बोलू कारण तेच तातडीचं आहे. नका टाकू. कॉपीराइट कायद्यात ६३बी नावाचं कलम आहे, माहीत असून चोरीची प्रत वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, आणि त्यात कोर्टाला नरमाई दाखवायची जी मुभा आहे ती धंद्यासाठी न वापरणाऱ्यासाठी आहे, तुमचं तर दुकान आहे. शिवाय क्रॅकसोबत काय काय आत येतं ते दिसत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचं लॉगिन करता.

आता पैसे का कटले नाहीत. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बँकच सांगेल, पण एक कारण तपासून बघा. रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की आपोआप कटणाऱ्या पैशांसाठी आधी मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची आगाऊ परवानगी, नोंदवावं लागतं, आणि एका मर्यादेच्या वरची रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली. वर्षाचं प्लॅन एकदम घेतलं आणि रक्कम त्याच्या वर गेली की ओटीपीचा मेसेज बघायचा राहतो आणि सगळं अडकतं. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण मेसेज बघणार.

तुमची कंपनी कुठली ते मी इथे छापत नाही, पण ही महिन्याची पद्धत रूढ कशी झाली ते सांगतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अडोबीचं, म्हणजे फोटोशॉपवाल्या कंपनीचं. २०१२ साली त्यांनी सीएस ६ हा सॉफ्टवेअरचा संच आणला, तो कायमचा विकत मिळायचा, आणि मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे नवीन काही हवं असेल तर फक्त क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे भाडं. मग बाकीच्यांनीही तीच वाट धरली. खरं सांगायचं तर सीडीवालंसुद्धा लायसन्सच होतं, मालकी तेव्हाही नव्हती, पण तेव्हा बंद करायचं बटण त्यांच्या हातात नव्हतं आणि आता आहे. माझा राग भाड्यावर नाही, प्रोग्रामर लोकांनाही घर चालवायचंय, राग यावर आहे की भाडं थकलं की तुम्हाला तुमच्याच फाईलमध्ये हात घालता येत नाही. निदान जुन्या फायली उघडून बदलता येतील एवढी सोय प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे, आणि ती सहज ठेवता येते.

आपल्या मराठी डीटीपीवाल्यांनी हे दुखणं कुणाच्याही आधी भोगलंय. आठवा ते डोंगल, कॉम्प्युटरला लावायची किल्लीसारखी डबी, ते लावल्याशिवाय फॉन्ट चालायचे नाहीत. आणि ते फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नव्हते, म्हणजे पडद्यावर 'शुभविवाह' दिसायचं पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असायचा, फॉन्ट काढला की मजकूर गेला. कितीतरी छापखान्यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंक असे पडून आहेत जे आज सरळ वाचताही येत नाहीत, आणि हे मला फार लागतं, कारण तो नुसता डेटा नाही, गावागावांचा इतिहास आहे. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत होती, तरी आपण कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांत टाईप करत राहिलो.

तेव्हा या पावसाळ्यात, काम कमी असेल तेव्हा, एवढं करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, प्रत्येक तयार डिझाईनची पीडीएफ आणि एसव्हीजी प्रत वेगळी ठेवा. डिझाईन करायचं इंकस्केप फुकट आहे, एसव्हीजी त्याचीच फाईल, आणि जोडाक्षरं नीट येतात. पानं लावायला स्क्रायबस, पण १.६ किंवा पुढचंच घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी मोडायची. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू आहेत, ओपन फॉन्ट लायसन्सवर, पत्रिका छापून विकली तरी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, फक्त फॉन्ट एकटा विकायचा नाही. पहिल्याच दिवशी सगळं सोडू नका, हात बसायला वेळ लागतो. एक पत्रिका तिकडे करून बघा, मग दुसरी.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते, आमच्या टीममध्ये टेराफॉर्म (सर्व्हर उभे करायचं साधन) आणि रेडिस (झटपट डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही वापरतो. दोन्हींनी मधेच लायसन्स बदललं. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, असं म्हणून लोकांकडून काम करून घ्यायचं आणि मग दार लावायचं, ही फसवणूक नाही का? आणि आम्ही आता काय करायचं?

उत्तर : ताई, आधी घाबरायचं कारण किती ते बघू. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपलं टेराफॉर्म एमपीएल या खुल्या लायसन्सवरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. कोड दिसतो, वापरताही येतो, फक्त त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा विकता येत नाही, आणि प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी परत एमपीएल होते. तुम्ही स्वतःचे सर्व्हर लावायला वापरत असाल तर आज काहीच बदललं नाही. पण स्पर्धा कशाला म्हणायचं ते ठरवणारा मजकूर त्यांनीच लिहिलाय, त्यामुळे तुमची कंपनी गिऱ्हाइकांना असलं काही विकत असेल तर वकिलाला दाखवाच.

फसवणूक म्हणाल तर माझं मत दोन्हीकडे ओढलं जातं. कंपन्यांचं दुखणं खरं आहे, कोड लिहायचा त्यांनी आणि मोठ्या क्लाउडवाल्यांनी तोच सेवा म्हणून विकायचा, यावरूनच डेटाबेसवाल्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल हे क्लाउडवाल्यांना अडवणारं लायसन्स आणलं, सर्चवाल्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये तेच केलं आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये. पण हे सगळे मोठे झाले कशावर? खुल्या लायसन्सवर. कोड खुला होता म्हणून डेव्हलपरने रात्री एक वाजता कुणाला न विचारता डाउनलोड केला, ब्लॉग लिहिले, बग शोधले, आणि तो भरवसा वापरून बाजार मिळाल्यावर नियम बदलायचे हे मला पटत नाही, आणि कितीही कारणं दिली तरी पटणार नाही.

मात्र एक गोष्ट लोक विसरतात, आधीची आवृत्ती जुन्याच लायसन्सवर राहते, ती परत घेता येत नाही. म्हणून तर फोर्क होतात, म्हणजे तोच जुना कोड घेऊन दुसरे लोक वेगळा प्रकल्प काढतात. टेराफॉर्मच्या शेवटच्या खुल्या कोडवरून ओपनटोफू निघालं. रेडिसच्या ७.२.४ वरून व्हॅल्की निघालं, तेही घोषणेनंतर आठ-दहा दिवसांत, आणि ती सुरू करणारी माणसं रेडिसवरच वर्षानुवर्षं काम केलेली होती. दोन्ही आता लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. आणि पुढे काय झालं बघा, इलॅस्टिकने ऑगस्ट २०२४ मध्ये एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय दिला आणि रेडिसनेही मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत तेच केलं. कंपन्या कारणं काहीही सांगोत, लोक उठून दुसरीकडे गेले याचा त्यात मोठा वाटा आहे असं मला ठाम वाटतं.

नवीन काही निवडताना लायसन्सचं नाव वाचून थांबू नका, हक्क कुणाकडे जमा होतात ते बघा. कोड देणाऱ्याकडून सीएलए नावाचा करार सही करून घेतात, त्यात बहुतेक वेळा कंपनीला पुढे लायसन्स बदलायची परवानगी असते, टेराफॉर्मला तसा करार होता. बीएसडीसारख्या सैल लायसन्सला तर तो करारही लागत नाही, रेडिस बीएसडीवरच होतं. उलट लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल बघा, लायसन्स जीपीएल २, सीएलए नाही, हक्क हजारो लोकांत विखुरलेले, त्यामुळे ठरवलं तरी कुणी एकटा बदलू शकत नाही. तुमच्या टीमला माझा सल्ला, रेडिसच्या जागी व्हॅल्की एका टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा, ७.२ पर्यंतचेच फीचर वापरत असाल तर फार त्रास व्हायचा नाही. टेराफॉर्मचं मात्र जितकं लांबवाल तितके ते आणि ओपनटोफू यांतले फरक वाढत जाणार, तेव्हा ते याच वर्षी ठरवा.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगली. प्रोजेक्टचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलाय, लायसन्स काही दिलं नाही, म्हणजे तो सगळ्यांसाठी खुलाच झाला ना?

उत्तर : नाही रे बाळा, उलटं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय, लिहिल्याबरोबर हक्क तुझा, नोंदणी लागत नाही, आणि तू परवानगी दिली नाहीस तर गिटहबवर वाचण्यापलीकडे आणि तिथेच फोर्क करण्यापलीकडे कुणाला फार काही करता येत नाही. कुणीही काहीही करो फक्त नाव ठेवो असं वाटत असेल तर एमआयटी. बदल करून पुढे देणाऱ्यानेही कोड खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल, आणि सर्व्हरवर चालवून नेटवरून सेवा देणाऱ्यालाही तेच लागू हवं असेल तर एजीपीएल. प्रोजेक्टमध्ये चौघं असाल तर चौघांना विचारून ठरव, हक्क चौघांचा आहे.

प्रश्न : कोल्हापूरची आहे, एमपीएससीच्या सराव परीक्षांचं ॲप चालवते. प्ले स्टोअरचं कमिशन जड जातं. गूगलला भारतात एवढा दंड झाला ना, मग आम्हाला काय मिळालं?

उत्तर : ताई, दंड झाला हे खरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटी ठोठावले, पण दुसरी रक्कम मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणली. त्यातून तुमच्या पदरात काय पडलं, तर दुसरं बिलिंग लावायची मुभा आणि तसं केलं तर कमिशनमध्ये चार टक्के सूट. तुमच्यासारख्या छोट्यांना १५ टक्के असतं, त्याचं ११ होतं, त्यात पेमेंट गेटवेचा खर्च आपला आपण, म्हणजे हातात उरतं थोडं. मला हे अपुरं वाटतं. १ मार्च २०२४ ला गूगलने पैशांच्या वादावरून नोकरी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी असली मोठी ॲप्स स्टोअरवरून काढली होती, मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर काही दिवसांत परत आली, पण कोल्हापूरच्या एका ताईचं ॲप काढलं असतं तर मंत्र्यांपर्यंत कोण पोचलं असतं?

म्हणून विक्री स्वतःच्या वेबसाईटवर ठेवा आणि ॲपमध्ये फक्त लॉगिन, असं ॲप प्ले स्टोअरला चालतं, फक्त आत खरेदीचं बटण ठेवू नका. मुलांचे नंबर आणि ईमेल त्यांच्या परवानगीने तुमच्याकडे ठेवा. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर आणलं, मराठीतही आहे, बाहेरचं पेमेंट लावलं तर कमिशन नाही असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं, तिथेही टाकून बघा, आजच्या अटी मात्र नीट वाचून मगच.

प्रश्न : नाशिकचा निवृत्त शिक्षक आहे. विंडोज १० चे अपडेट बंद, नवा कॉम्प्युटर घ्या असा मेसेज येतो. माझा २०१५ चा कॉम्प्युटर उत्तम चालतो, टाकून देऊ का?

उत्तर : सर, अजिबात टाकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, तो २०१५ च्या मशीनमध्ये नसणार. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत, अपडेटच्या सेटिंगमध्ये नोंदणी दिसते. चांगल्या मशीनला नियमाने म्हातारं ठरवायचं हे मला मुळीच आवडत नाही. तुम्ही विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स मिंट बघा, ४ जीबी रॅम असली तरी चालतं, लिबरऑफिस (वर्डसारखं) सोबत येतं आणि मराठी टायपिंगची सोय आहे. नातवाला सांगून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून बघा. प्रिंटर आणि वायफाय चालतंय का ते आधी तपासा, फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि प्रिंटर चालला नाही तर त्याचं मॉडेल मला लिहून कळवा.